विंचवाचे बिऱ्हाड आणि एक राखीव क्वार्टरबॅक

1 डिसेंबर 2001 ची रात्र मला अजून आठवते, कारण त्या रात्री ऑस्टिनमधल्या आमच्या भाड्याच्या घरात चौघांपैकी तिघे जण टीव्हीशी भांडत होते आणि चौथा, म्हणजे मी, अमेरिकन फुटबॉल हा खेळ नीट कळत नसूनही त्यांच्या बाजूने चिडत होतो. टेक्सस विद्यापीठाचा संघ बिग ट्वेल्व्ह परिषदेच्या, म्हणजे एकमेकांत स्पर्धा करणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात कोलोरॅडोविरुद्ध खेळत होता. याच कोलोरॅडोला ऑक्टोबरमध्ये 41-7 असे लोळवलेले असल्यामुळे सामना केवळ उपचार म्हणून उरला आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात पूर्वार्धातच टेक्ससचा क्वार्टरबॅक क्रिस सिम्स याने इतक्या वेळा चेंडू गमावला की मुख्य प्रशिक्षक मॅक ब्राउन यांनी अखेर त्याला बाहेर बसवले आणि राखीव क्वार्टरबॅकला मैदानात धाडले. त्या राखीव खेळाडूचे नाव होते मेजर ॲपलव्हाइट. आल्या आल्या त्याने 79 यार्डांचा टचडाउन पास (चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचवून गुण मिळवून देणारा पास) फेकला आणि पिछाडी इतकी कमी केली की शेवटी टेक्सस हरले ते 39-37 असे, अवघ्या दोन गुणांनी.

(मेजर हे त्याचे पाळण्यातले नाव आहे, लष्करातला हुद्दा नव्हे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे एका ठिकाणी त्याची आठवण येणार आहे.)

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की आक्रमण करणाऱ्या अकरा जणांमध्ये प्रत्येक चालीची सुरुवात ज्याच्या हातून होते, चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे हे ज्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते, तो क्वार्टरबॅक. संघात ही जागा एकाच वेळी एकालाच मिळते. गोलंदाज चार असू शकतात, क्वार्टरबॅक दोन असून चालत नाही. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकचे आयुष्य आपल्या क्रिकेटमधल्या बाराव्या गड्यापेक्षाही विचित्र असते. त्याला प्रत्येक चाल तोंडपाठ असावी लागते आणि ती खेळण्याची वेळ येऊ नये अशी आशा मात्र बाकी सगळे करत असतात.

ॲपलव्हाइटची गंमत अशी, की तो मुळात दुसऱ्या क्रमांकाचा नव्हताच. लुइझियानातल्या बॅटन रूजचा हा मुलगा 1998 मध्ये पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर संघात आला, आणि त्याच हंगामात टेक्ससने नेब्रास्काला त्यांच्याच मैदानावर 20-16 असे हरवून त्यांची घरच्या मैदानावरील सलग 47 विजयांची मालिका मोडली. पुढच्या वर्षी त्याच्या परिषदेतला सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा मान त्याला विभागून मिळाला. पण 1999 मध्येच सिम्स विद्यापीठात दाखल झाला होता. तो सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकलेल्या फिल सिम्सचा मुलगा, उंच, जोरदार हाताचा, आणि त्याच्याकडे पाहताक्षणी व्यावसायिक लीगची स्वप्ने पडावीत असा. त्यात ॲपलव्हाइटच्या गुडघ्याने दगा दिला. आधी जागा विभागून मिळू लागली आणि 2001 मध्ये ती गेलीच. त्यावर ऑस्टिनमध्ये ज्या कडवटपणाने दोन तट पडले होते, ते पाहिल्यावर महाविद्यालयीन खेळ हा तिथे करमणुकीचा विषय नाही, हे मला पहिल्यांदा उमगले.

कोलोरॅडोच्या सामन्यानंतर हॉलिडे बोलमध्ये (हंगामाअखेर निवडक संघांत होणाऱ्या सामन्यांना 'बोल' म्हणतात) मात्र सुरुवातीपासून तोच खेळला. वॉशिंग्टनविरुद्ध 19 गुणांनी मागे पडल्यावर त्याने 473 यार्ड पास फेकून संघाला 47-43 असा विजय मिळवून दिला. त्या रात्री त्याने तीन वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला होता, ही गोष्ट कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. मला मात्र तीच महत्त्वाची वाटते. तीन चुका पदरी पडल्यावरही चौथा अवघड पास फेकायला न कचरणे, हा त्याचा खरा गुण होता. व्यावसायिक संघांना तो पुरेसा वाटला नाही आणि 2002 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत त्याला कोणी घेतले नाही.

इथपर्यंत मी 'तो' म्हणत आलो. मराठीत खेळाडूला आपण सहज अरेतुरे करतो, पण प्रशिक्षकाला तसे म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून यापुढे 'ते'.

2003 मध्ये ते टेक्ससलाच ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून परतले. ज्या मैदानावर हजारो लोक नावाने ओरडत होते, तिथल्याच खिडकी नसलेल्या खोल्यांकडे नेणारे हे पद असते. या पदावरच्या माणसाचा दिवस बहुतांशी चित्रफितींत जातो. प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल वेगळी कापायची, ती कितव्या डाउनची (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी प्रत्येक संधी म्हणजे डाउन), किती यार्ड हवे असतानाची आणि मैदानाच्या कोणत्या भागातली याची नोंद करायची, मग जाड कार्डांवर वर्तुळे आणि बाण काढून प्रतिस्पर्ध्याची व्यूहरचना उतरवायची, म्हणजे सरावात राखीव मुले ते कार्ड पाहून शत्रूची नक्कल करू शकतील. तिसरे डाउन असून सात यार्ड हवे असताना समोरचा संघ किती वेळा सगळे अंगावर सोडतो, याचे उत्तर शनिवारी साइडलाइनवर कोणाला तरी क्षणात लागते, आणि ते त्या कार्डांच्या ढिगाऱ्यातून आलेले असते. माजी क्वार्टरबॅक या कामात रमतात याचे मला आश्चर्य वाटत नाही. राखीव म्हणून बसलेल्या माणसाने तर हा अभ्यास आधीच केलेला असतो, फक्त त्याची परीक्षा झालेली नसते.

त्या दोन वर्षांत टेक्ससमध्ये व्हिन्स यंग नावाचा तरुण क्वार्टरबॅक घडत होता. 2005 मध्ये ॲपलव्हाइट सिरॅक्यूजला क्वार्टरबॅक प्रशिक्षक म्हणून गेले, आणि त्याच हंगामात यंगने टेक्ससला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. सिरॅक्यूजने तेव्हा अकरापैकी एकच सामना जिंकला. साहाय्यक प्रशिक्षकाचे नशीब असे असते. बढती मिळते ती बुडत्या नावेत, आणि सोडलेली नाव किनाऱ्याला लागते.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते या व्यवसायाला तंतोतंत लागू पडते. 2006 मध्ये राइस विद्यापीठात ते आक्रमणाचे सूत्रधार, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले, आणि 1961 नंतर प्रथमच राइसचा संघ बोल सामन्यापर्यंत पोहोचला. 2007 मध्ये निक सेबन यांनी अलाबामा विद्यापीठातल्या मुख्य प्रशिक्षकपदाच्या आपल्या पहिल्याच वर्षी त्यांना त्याच पदावर नेमले. तो हंगाम सात विजय, सहा पराभव असा निघाला आणि त्यात लुइझियाना-मनरोसारख्या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर झालेला पराभवही होता. एका वर्षात ते तिथून बाहेर पडून टेक्ससला परतले, पण कोऑर्डिनेटर म्हणून नव्हे, तर रनिंग बॅक खेळाडूंचे प्रशिक्षक म्हणून. आयुष्यभर ज्याने चेंडू फेकला त्याने चेंडू घेऊन पळणाऱ्यांना शिकवायचे, आणि चाल कोणती खेळायची हे दुसऱ्याने सांगायचे! दोन वर्षांनी, जानेवारी 2010 मध्ये, राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात टेक्सससमोर सेबन यांचाच अलाबामा उभा ठाकला. टेक्ससचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय अगदी सुरुवातीच्या चालींमध्येच जायबंदी झाला, एका नवख्या राखीव क्वार्टरबॅकला मैदानात उतरावे लागले, आणि टेक्सस 37-21 असे हरले. राखीव मुलगा हेल्मेट चढवत आत धावतो त्या क्षणाचा अर्थ साइडलाइनवरच्या इतर कोणापेक्षा ॲपलव्हाइट यांना अधिक नेमका कळला असेल, असे मला तेव्हाही वाटले होते.

पुढे टेक्ससची घसरण झाली, ते सह-कोऑर्डिनेटर झाले, मग 2013 मध्ये एकटे कोऑर्डिनेटर झाले, आणि वर्षअखेर मॅक ब्राउन पायउतार झाल्यावर त्यांचेही तिथले दिवस संपले. मुख्य प्रशिक्षक गेला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर सारी पंगत उठते, मग कोणाच्या पानात काय वाढलेले होते हे कोणी पाहत नाही. 2015 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक टॉम हर्मन यांच्या हाताखाली त्यांनी आक्रमण सांभाळले. संघ 13-1 राहिला आणि त्याने पीच बोलमध्ये फ्लोरिडा स्टेटला हरवले. पुढच्या वर्षअखेर हर्मन टेक्ससला गेले आणि मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची ॲपलव्हाइट यांच्याकडे आली. ती टिकली 2018 च्या अखेरपर्यंत. आर्म्ड फोर्सेस बोलमध्ये ह्यूस्टनने 70-14 अशी हार पत्करली, तीही आर्मीकडून, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाकडून. नावातला मेजर कामी आला नाही. काही दिवसांतच त्यांना काढण्यात आले. पंधरा विजय आणि अकरा पराभव ही कामगिरी वाईट नव्हती, पण शेवटचा आकडा लोकांच्या डोळ्यांत रुतून बसला होता.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत अवघड वाटते. मुख्य प्रशिक्षक राहिलेला माणूस 2019 मध्ये अलाबामाला सेबन यांच्याकडे परतला, तो विश्लेषक म्हणून. त्या काळच्या नियमांप्रमाणे मैदानावर शिकवण्याचा अधिकार ठरावीक साहाय्यकांनाच असे. विश्लेषकाला सराव पाहता येई, चित्रफिती कापता येत, टिपणे देता येत, पण खेळाडूचा खांदा धरून त्याचे पाऊल सुधारता येत नसे. म्हणजे सोळा वर्षांनी पुन्हा कार्डे आणि चित्रफिती. मी त्यांच्या जागी असतो तर एखाद्या वाहिनीवर समालोचन पत्करले असते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. 2020 च्या हंगामात अलाबामाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि 2021 मध्ये ॲपलव्हाइट मोबिल शहरातल्या साउथ अलाबामा विद्यापीठात केन वॉमॅक यांचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले. तिथे 2022 मध्ये संघाने दहा सामने जिंकले, 2023 मध्ये विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बोल विजय मिळवला, तोही ईस्टर्न मिशिगनवर 59-10 असा.

जानेवारी 2024 मध्ये वॉमॅक यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडले आणि ॲपलव्हाइट यांना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ती खुर्ची दुसऱ्यांदा मिळाली. वॉमॅक गेले ते बचावाचे कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे पुन्हा साहाय्यक होऊन, आणि गेले ते अलाबामालाच.