बाबांचा प्रश्न: कॉईल गरम होत नाही का?

बाबांचं इतवारीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, तीसेक वर्षं. आता त्यांना नातीचं नाव सकाळी आठवते अन् दुपारपर्यंत जाते. अल्झायमर आहे हे कळून दोन वर्षं होऊन राहिली.

तर मागच्या महिन्यात ताईनं व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली, डोक्याला मॅग्नेट लावून स्मरणशक्ती परत आणतो म्हणे. मी फोन केला तर त्या बाईनं आधी पॅकेजचा रेट सांगितला, मग डिस्काउंट, पण पेशंटला कधी फिट आली का, डोक्यात काही धातू आहे का, हे एकदाही विचारलं नाही. तिथंच माझं डोकं ठणकलं.

मग धंतोलीत आमच्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पहिले हेच दोन प्रश्न विचारले, पेसमेकरचंही विचारलं, अन् मग सांगितलं की गोष्ट खोटी नाही बरं का. टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणतात तिला. इंग्लंडमध्ये शेफिल्डला 1985 साली पहिल्यांदा माणसाच्या मेंदूवर करून पाहिली, अन् अमेरिकेत 2008 पासून डिप्रेशनसाठी मान्यता आहे. आठच्या आकड्यासारखी कॉईल डोक्याला टेकवतात, क्षणभर जोरात करंट सोडतात, टक्‌ टक्‌ आवाज येते, अन् बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं आतल्या पेशींत वीज तयार होते. म्हणजे फॅरेडेचंच, शाळेतलं. डोस कसा ठरवतात ते मला लई भारी वाटलं, हाताचा अंगठा जेवढ्या जोरावर फडफडते त्यावरून हिशोब करतात, कारण प्रत्येकाची कवटी वेगळी.

पण हे क्षेत्र वरवरच जाते, दोन-तीन सेंटिमीटर. आठवणींचं मुख्य ठाणं, हिप्पोकॅम्पस, त्याच्याही खाली. म्हणून रोमच्या डॉक्टरांनी डोक्याच्या मागच्या-वरच्या भागातल्या प्रिक्युनियसवर नेम धरला, तो आठवणींच्या जाळ्याशी जोडलेला आहे म्हणून. 50 पेशंट, 24 आठवडे, निम्म्यांना खरी ट्रीटमेंट, निम्म्यांना नुसता देखावा. निकाल 2022 मध्ये आला. खऱ्या ट्रीटमेंटवाले जवळपास होते तिथंच राहिले, बाकीचे घसरले.

होते तिथंच राहिले! परत आलं असं कुठंच नाही, अन् जाहिरातवाले बिनधास्त परत आणून राहिले. त्यात पेशंट फक्त 50, अन् अल्झायमरसाठी अमेरिकेत अजून मंजुरी नाही. (खरं सांगू, होते तिथंच राहिले हेही मला कमी वाटत नाही, आजचे बाबा मला चालतील.) डॉक्टर म्हणाले डोनेपेझिल, म्हणजे अल्झायमरची गोळी, चालू ठेवा, सकाळी फिरवा, मॅग्नेटचं सध्या राहू द्या, पुढं मोठ्या अभ्यासांतून काय निघते ते पाहू. आमचं तरी सध्या असंच ठरलं. त्या रोमच्या अभ्यासासारखं आधी दोन आठवडे रोज अन् मग दर आठवड्याला, मे महिन्याच्या उन्हात त्यांना रिक्षात बसवून नेणं, तेही कमी नाही.

बाबा बाजूला गप्प बसले होते. कॉईल शब्द कानावर पडला तसे एकदम सरळ झाले.

"टर्न किती?"

डॉक्टर हसले, म्हणाले काका, ते मला नाही माहीत.

"अन् एवढा करंट सोडता तर गरम होत असंल ना. थंड कशानं करता?"

बरोबर होतं त्यांचं. काही मशिनींत कॉईल थंड ठेवायची वेगळी सोय असते, डॉक्टरांनी सांगितलं. घरी येईपर्यंत बाबा डॉक्टरकडे गेलो होतो हेच विसरले. पण रात्री जेवताना आईला म्हणाले, त्या पोराला सांग, वार्निश चांगलं मारजो.