जायरोस्कोपसाठी कन्व्हर्टर किती बिटांचा हवा, आणि त्याआधी वीजपुरवठा कसा हवा

दोन चाकांवर स्वतःचा तोल सांभाळणारा रोबो किंवा कॅमेरा स्थिर ठेवणारी गिंबल बनवणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: जायरोचे (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे) रीडिंग सारखे हलत राहते, तर १० बिटांच्या कन्व्हर्टरऐवजी (सेन्सरचे व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या सर्किटऐवजी) १६ बिटांचा लावला की ते स्थिर होईल का? माझे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे असते. ते उत्तर आकडे मांडून तपासता येते, आणि पैसे खर्च करण्यापूर्वी प्रत्येकाने ते तपासावे, असे मला मनापासून वाटते.

उदाहरणासाठी अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचा एडीएक्सआरएस६१० हा सेन्सर घेऊ. तो ५ व्होल्टवर चालतो, दोन्ही दिशांना सेकंदाला ३०० अंशांपर्यंतचा कोनीय वेग मोजतो, स्थिर असताना सुमारे २.५ व्होल्ट देतो आणि वेगाच्या प्रत्येक अंश/सेकंदामागे त्याचे आउटपुट ६ मिलिव्होल्टने बदलते. त्याच्या नॉइजची (रीडिंगमधल्या यादृच्छिक चढउताराची) घनता ०.०५ अंश/सेकंद प्रति वर्गमूळ हर्ट्झ आहे. बँडविड्थ (किती वेगवान बदल पुढे जाऊ द्यायचे ती मर्यादा, म्हणजेच कटऑफ) आपण बाहेरून लावलेल्या कपॅसिटरने ठरवायची असते. आतला रोध १८० किलोओहमचा असल्यामुळे २२ नॅनोफॅरड लावले की ती सुमारे ४० हर्ट्झ होते. असा साधा एकपदरी फिल्टर आपल्या कटऑफच्या वरचेही थोडे आत येऊ देतो, म्हणून नॉइजच्या हिशेबात ४० ला १.५७ ने गुणावे लागते. त्याचे वर्गमूळ घेऊन ०.०५ ने गुणले की सुमारे ०.४ अंश/सेकंद, म्हणजे २.४ मिलिव्होल्ट, एवढा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ घेऊन काढलेला) नॉइज हाती येतो. हा नॉइज सेन्सरचा स्वतःचा आहे आणि पुढे कोणताही कन्व्हर्टर लावला तरी तो तेवढाच राहणार आहे.

आता कन्व्हर्टर पाहू. एटीमेगा३२८ या मायक्रोकंट्रोलरमधला १० बिटांचा कन्व्हर्टर ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, अर्थात ०.८१ अंश/सेकंदाची होते. पायरीमुळे येणारी चूक आरएमएसमध्ये काढायची तर पायरीला १२ च्या वर्गमूळाने भागतात, ती ०.२३ अंश/सेकंद येते. सेन्सरचा नॉइज आणि ही चूक यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले, तर एकूण सुमारे ०.४६ अंश/सेकंद होते. तोच कन्व्हर्टर १२ बिटांचा केला तर एकूण ०.४० वर येते, आणि १६ बिटांचा केला तरी ०.४० च्या जवळच राहते. म्हणजे १० वरून १२ वर जाण्यात थोडा लाभ आहे, पण १२ वरून १६ वर जाऊन वाढलेले चार बिट जवळजवळ केवळ सेन्सरचा नॉइज अधिक बारकाईने लिहून ठेवतात.

इतकेच नव्हे, तर १० बिटांवरही बरेच काही साधता येते, आणि त्यासाठी तोच नॉइज उपयोगी पडतो. अगदी शांत सिग्नल एका पायरीच्या मधोमध अडकला, तर हजार वेळा मोजूनही तोच आकडा मिळतो आणि सरासरी काढून हाती काही लागत नाही. सिग्नलमध्ये अर्ध्या पायरीएवढा किंवा त्याहून जास्त नॉइज असेल, तर रीडिंग शेजारच्या पायऱ्यांवर योग्य प्रमाणात विखुरते आणि सरासरीतून पायरीच्या आतली किंमत उमटते. मात्र त्यासाठी अॅनालॉग फिल्टर आधीच ४० हर्ट्झवर आवळून ठेवू नये. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा करून बँडविड्थ ४०० हर्ट्झ ठेवावी, सेकंदाला चार-पाच हजार नमुने घ्यावेत (१६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, १२८ च्या प्रीस्केलरने, म्हणजे घड्याळ १२८ ने भागून, हा कन्व्हर्टर सेकंदाला सुमारे ९६०० नमुने देऊ शकतो) आणि मग प्रोग्राममध्ये ४० हर्ट्झपर्यंत खाली यावे. असे केल्यावर पायरीच्या चुकीचा वाटा नगण्य राहतो. कन्व्हर्टरच्या सरळपणातला दोष (पायऱ्या एकसारख्या नसणे) मात्र सरासरीने जात नाही. बँडविड्थ आणखी कमी करून १० हर्ट्झ केली तर नॉइज निम्मा होतो, पण फिल्टरचा विलंब ४ मिलिसेकंदांवरून १६ वर जातो. तोल सांभाळणाऱ्या रोबोला तो विलंब नॉइजपेक्षा जास्त महागात पडतो.

वीजपुरवठ्याकडे याच्या निम्मेही लक्ष दिले जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते. या सेन्सरचा शून्यबिंदू आणि संवेदनशीलता, दोन्ही त्याच्या व्हीरेशो या पिनवरच्या व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतात. कन्व्हर्टरचा रेफरन्सही (ज्याच्याशी तुलना करून तो मोजतो ते व्होल्टेज) त्याच बिंदूवरून घेतला तर व्होल्टेज थोडे सरकले तरी गुणोत्तर तेच राहते आणि रीडिंग हलत नाही. याउलट, अचूकता वाढेल या समजुतीने कन्व्हर्टरला वेगळा, महागडा, स्थिर रेफरन्स दिला आणि सेन्सर मात्र यूएसबीच्या ५ व्होल्टवर ठेवला, तर पुरवठा केवळ १० मिलिव्होल्टने बदलला तरी शून्यबिंदू ५ मिलिव्होल्टने सरकतो. ५ मिलिव्होल्ट म्हणजे ०.८३ अंश/सेकंद, आणि कोन काढण्यासाठी वेगाची बेरीज करत गेलो की एका मिनिटात ५० अंशांची चूक. ही चूक सरासरीने जात नाही आणि जादा बिटांनीही जात नाही.

दुसरा धोका वारंवारतेचा आहे आणि तो अधिक फसवा आहे. या सेन्सरमधली सूक्ष्म चौकट सुमारे १४ किलोहर्ट्झने कंप पावत असते आणि वेगाचा सिग्नल त्याच कंपनावर स्वार होऊन येतो. आतले सर्किट त्याला त्या वारंवारतेशी ताळमेळ ठेवून खाली उतरवते. म्हणून पुरवठ्यातून १४ किलोहर्ट्झच्या आसपासचा रिपल (व्होल्टेजमधली लहर) आत शिरला, तर तोही फरकाच्या वारंवारतेवर खाली उतरतो. १४.०१ किलोहर्ट्झचा रिपल १० हर्ट्झचे खोटे डोलणे बनून येतो, आणि मग तो कोणत्याही फिल्टरने खऱ्या हालचालीपासून वेगळा काढता येत नाही. स्विचिंग रेग्युलेटर (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज ठरवणारा) शेकडो किलोहर्ट्झवर चालतो म्हणून निश्चिंत राहू नये, कारण भार कमी झाला की अनेक रेग्युलेटर पल्स गाळू लागतात आणि त्यांची वारंवारता काही किलोहर्ट्झपर्यंत घसरते. मोटरचा पीडब्ल्यूएमही (तिचा वेग ठरवणारे चालू-बंद पल्स) याच पट्ट्यात असू शकतो.

उपाय साधा आहे. स्विचिंग रेग्युलेटरनंतर सेन्सरसाठी स्वतंत्र लिनिअर रेग्युलेटर (चालू-बंद न होता व्होल्टेज स्थिर ठेवणारा) ठेवावा, आणि त्यापुढे १० ओहम व १० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावावा. सेन्सर सुमारे ३.५ मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे रोधावर ३५ मिलिव्होल्टच पडतात, आणि १४ किलोहर्ट्झचा रिपल जवळपास नवव्या हिश्शावर येतो. कन्व्हर्टरचा रेफरन्स या रोधानंतरच्या बिंदूवरून घ्यावा, अलीकडून नव्हे; आणि एटीमेगाच्या एरेफ (रेफरन्सच्या) पिनला असे बाहेरचे व्होल्टेज जोडल्यावर प्रोग्राममध्ये आतला रेफरन्स कधीही निवडू नये. एव्हीसीसी (कन्व्हर्टरच्या वीजपुरवठ्याच्या) पिनसाठी सुचवलेला १० मायक्रोहेन्री आणि १०० नॅनोफॅरडचा फिल्टर सुमारे १६० किलोहर्ट्झच्या वरच काम करतो, तेव्हा १४ किलोहर्ट्झच्या रिपलसाठी त्याच्यावर विसंबू नये.

एमपीयू-६०५० सारख्या डिजिटल सेन्सरमध्ये १६ बिटांचा कन्व्हर्टर आतच असतो, म्हणून हा हिशेब संपत नाही. सेकंदाला २५० अंशांच्या रेंजमध्ये त्याचा एक अंश/सेकंद १३१ पायऱ्यांचा असतो, आणि १०० हर्ट्झच्या आसपासच्या फिल्टरवर सुमारे ०.०५ अंश/सेकंदाचा नॉइज म्हणजे सहा-सात पायऱ्या होतात. तळाचे दोन-तीन बिट तिथेही नॉइजनेच भरलेले असतात.

दोष सेन्सरचा की पुरवठ्याचा, हे ठरवण्यासाठी सेन्सर टेबलावर स्थिर ठेवून तीन वेळा रीडिंग साठवावे: एकदा केवळ बॅटरी आणि लिनिअर रेग्युलेटरवर, एकदा नेहमीच्या पुरवठ्यावर मोटर बंद ठेवून, आणि एकदा चाके अधांतरी धरून मोटर चालू ठेवून. तिसऱ्या वेळी मोटरचे कंपन सेन्सरपर्यंत पोहोचू नये म्हणून तो फोमवर, रोबोपासून अलग ठेवावा. त्यासोबत कन्व्हर्टरच्या दुसऱ्या चॅनेलला त्याच रेफरन्समधून दोन समान रोधांनी निम्मे व्होल्टेज द्यावे. तो चॅनेलही हलत असेल तर दोष कन्व्हर्टरच्या किंवा ग्राउंडच्या बाजूला शोधावा. तो स्थिर असून फक्त जायरो हलत असेल, आणि बॅटरीवर ते हलणे ०.४ च्या आसपास परत येत असेल, तर नवा कन्व्हर्टर मागवण्याऐवजी आधी रेग्युलेटरची वारंवारता ऑसिलोस्कोपवर पाहावी.