आमची वाटचाल : दोरीपासून डिग्रीपर्यंत

वडील बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होते. मी खानापूर रोडला टायरचं दुकान घातलं तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, दोरीवर करायचो. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणायची, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून अंतर मोजायचं. त्यातला फरक म्हणजे टो, चाक पुढून किती आत किंवा बाहेर वळलंय ते. हात बसला की मिलिमीटरपर्यंत बरोबर यायचं. पुढे कर्ज काढून कॉम्प्युटरचं मशीन घेतलं, आणि कॅम्बर (चाक वरून किती आत-बाहेर झुकलंय) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढं-मागं कल) हेही डिग्रीत दिसायला लागले.

मशीन आलं तशी हौशी पोरं यायला लागली. पोलो जीटी, स्विफ्ट, स्प्रिंगा बदलून खाली बसवलेल्या गाड्या. "अण्णा, चोर्ल्याच्या वळणात गाडी हलायला नको बघा." अशाच एकाला मी पुढे उणे २.५ डिग्री कॅम्बर आणि थोडा टो-आउट (चाकं पुढून किंचित बाहेर) दिला. घाटात गाडी सुरेख वळायची. पण घाट महिन्यातून एकदा. रोज तो धारवाडला नोकरीला जायचा, सरळ हायवेनं. काही महिन्यांत दोन्ही पुढच्या टायरांची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजली. बाहेरून टायर नवेच वाटत होते, आणि पाऊस तोंडावर आलेला. दोन्ही टायरांचे पैसे मी भरले. गाडी रोज कुठं चालते हे मी विचारलंच नव्हतं.

आता पहिला प्रश्न तोच. वळणात गाडी बाहेर कलते आणि बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं. उणे कॅम्बर म्हणजे चाक वरून थोडं आत. तो झुकाव आधीच भरून काढतो, टायर सपाट टेकतो. सरळ रस्त्यावर मात्र भार आतल्या कडेवर येतो. तरी टायर खरा खातो तो टो. टो चुकला की चाक पावलोपावली घासत जातं, आणि जास्तीच्या कॅम्बरबरोबर टो-आउट असला की सगळी झीज आतल्या कडेला. म्हणून रोजच्या वापरातल्या जोरदार गाडीला मी पुढे उणे १ ते १.५ डिग्री देतो, टो शून्य किंवा किंचित आत. डावी-उजवी सारखी, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

कॅस्टर वाढवला तर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं आणि वळवल्यावरच बाहेरच्या चाकाला उणे कॅम्बर मिळतो. सरळ चालताना टायर वाचतो. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, पण आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये कॅस्टर फिरवायला सोयच नसते. कॅम्बरसाठीही वेगळे बोल्ट घालावे लागतात. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच दांडी, तिथं शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालाव्या लागतात.

गाडी मशीनवर चढवण्याआधी टायरची हवा आणि चाकांचे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश बघतो. ढिल्या जॉइंटवर केलेलं सेटिंग जांबोटीपर्यंतही टिकत नाही. स्प्रिंगा नव्या असतील तर त्या बसू देतो, मग या म्हणतो. उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात.

हजार किलोमीटरनंतर तपासणी फुकट. तेव्हा मशीन लावण्याआधी टायरवरून आडवा हात फिरवतो. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर बोटांना धार लागली, तर टो बिघडलाय. तेव्हा ग्राहकाचाही हात तिथं ठेवायला लावतो.