खारपाणपट्ट्यातलं शेततळं: अर्जापासून अनुदानापर्यंत

आमच्या भागात विहीर खणतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कायले?" अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. ते पिण्याच्या कामाचं नाही आणि पिकाला देण्याच्याही नाही. दिलंच तर जमीन चोपण होते, उन्हाळ्यात वखर लागत नाही आणि पावसाळ्यात पाय निघत नाही. त्यामुळे आमचं सगळं वरच्या पाण्यावर चालतं. खरिपात सोयाबीन, तूर, पऱ्हाटी म्हणजे कपाशी. परतीचा पाऊस बरा झाला तर ओलीवर हरभरा. घाटे भरायच्या वेळी एक पाणी मिळालं तर हरभरा कुठल्या कुठे जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते एक पाणी आणायचं कुठून, एवढाच प्रश्न असतो.

शेततळ्याच्या बाबतीत मात्र आमची बदनाम माती कामी येते. काळी, भारी, चिकण. ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. मुरमाड भागात तळ्याला प्लास्टिकचं अस्तरीकरण करावं लागतं, त्याचा खर्च खोदकामाच्या वर जातो. आमच्याकडे नुसतं खोदलं तरी पाणी माघ महिन्यापर्यंत टिकतं.

राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली तेव्हा अनुदानाची मर्यादा ५०,००० रुपये होती. २०२२ मध्ये ती ७५,००० झाली आणि शेततळं 'मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजने'त गेलं. याच पट्ट्यात जागतिक बँकेच्या मदतीचा पोखरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ पासून चालू होता. पण पोखरा निवडक गावांपुरता. शेजारचं गाव त्या यादीत होतं, आमचं नव्हतं. मधे एक पांदण आहे. पांदणीच्या पलीकडे एक योजना, अलीकडे दुसरी, अर्जाचं पोर्टलही वेगळं. आम्ही अलीकडचे, म्हणून महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज केला. फी २३ रुपये ६० पैसे. या सगळ्या प्रकरणात खऱ्या अर्थानं स्वस्त असं तेवढंच.

अर्ज भरणं सोपं आहे. अवघड असतो तो सातबारा.

आमचं वावर आजोबांच्या नावावरून बाबा आणि काकाजी यांच्या नावावर आलं, पण सामाईकच राहिलं. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी माय, मी आणि बहीण अशी वारस नोंद झाली. वहिवाट वेगवेगळी, धुरा म्हणजे मधला बांध पक्का, पण कागदावर सगळे एकत्र. अशा वेळी ज्याच्या नावानं अर्ज आहे त्याला बाकी सगळ्या खातेदारांचं सहमतीपत्र द्यावं लागतं. बहीण नागपूरला असते. दिवाळीला आली तेव्हा तिची सही घेतली. काकाजींनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सही देतो लेका, पन तळं माह्या धुऱ्यापासून दूर ठेवजो. पाझर आला तं माही तूर बसते." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सामाईक सातबाऱ्याच्या भानगडीत पडणाऱ्यानं सहमतीचा कागद तयार करण्याआधी घरात बसून तळ्याची जागा ठरवावी. सही मागायला गेल्यावर जागेचा वाद निघाला की सहीही जाते आणि दिवाळीचा फराळही.

दुसरी अडचण नावाची. सातबाऱ्यावर माझ्या नावात बाबांच्या नावापुढे 'राव' आहे, माझ्या आधारवर नाही. वऱ्हाडात हे घरोघरी आहे. पटवाऱ्यानं समजून घेतलं, पण पुढच्या टेबलावर फाइल थांबली. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा, म्हणाले. जोडलं. मग तेच प्रतिज्ञापत्र पोर्टलवर नीट दिसत नाही म्हणून परत आलं, कारण स्कॅन केलेली फाइल पोर्टलच्या मर्यादेपेक्षा मोठी होती आणि सेतू केंद्रातल्या पोरानं ती दाबून दाबून अशी केली होती की शिक्का म्हणजे नुसता जांभळा डाग. कोणाला दोष द्यावा तेच कळेना. कार्यालयातल्या बाबूंना मात्र तो डाग बघून जे समाधान झालं ते मी विसरलेलो नाही.

त्या वेळी निवड सोडतीनं व्हायची. सोडतीत नाव लागलं की मोबाइलवर मेसेज यायचा, मग कागद चढवायचे, मग कृषी सहायक जागा पाहायचे आणि मग पूर्वसंमती, म्हणजे काम सुरू करायची मंजुरी. या क्रमातलं पूर्वसंमती हे ठिकाण डोक्यात पक्कं ठेवा. तिच्या आधी एक टोपलं मातीही काढली तर ते काम योजनेत धरत नाहीत. शेजारच्या गावात एकाकडे पोकलेन आयतं आलं होतं, भाव कमी होता, त्यानं मंजुरी येईलच या हिशेबानं खोदून घेतलं. तळं झकास झालं, अनुदान शून्य.

पण शेतकऱ्याला घाई का होते तेही बघा. आमच्याकडे खोदायची सवड एकच: हरभरा निघाल्यापासून मृग लागेपर्यंत. पूर्वसंमती जुलैत आली तर वावरात सोयाबीन उभं असतं, मशीन आत न्यायला रस्ता नसतो आणि काम पूर्ण करायची मुदत मात्र कागदावर सुरू झालेली असते. मला ती हरभरा काढणीच्या तोंडावर आली, हे नशीब. सरकारी वर्ष मार्चमध्ये संपतं आणि आमचं मार्चमध्ये जरा मोकळं होतं. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांना विचारून केलेली नाहीत हे या योजनेत पदोपदी जाणवतं.

जागा पाहायला आलेल्या कृषी सहायकांकडे चार-पाच गावं होती, पण त्यांनी घाई केली नाही. मला तळं पांदणीजवळ हवं होतं, इंजिन न्यायला सोपं म्हणून. त्यांनी वावराच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पाणी तुमच्या इंजिनाकडे येणार नाही भाऊ, उताराकडे जाईल." नाल्याच्या पात्रात तळं चालत नाही, म्हणून नाल्यापासून आत सरकून, काकाजींच्या धुऱ्यापासून अंतर ठेवून जागा ठरली. फोनवर अक्षांश-रेखांशासह फोटो काढला, त्यात मी उभा.

आमचा आकार ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. बाजूंना एकास एक उतार दिला तर यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे जवळपास बावीस लाख लिटर. पण भारी काळ्या मातीत एकास एक उतार उभा राहत नाही. पहिल्याच पावसात कडा खचून तळाशी येतात. दीडास एक उतार धरला तर साठा १,९७० घनमीटरच्या आसपास येतो. पोकलेनवाल्याला उभी कड सोपी पडते, त्याला तासाच्या हिशेबानं पैसे असतात आणि त्याचं तुमच्या वावरात परत येणं नसतं. म्हणून मशीन चालू असताना मालकानं वावरातच थांबावं. मी बांबूच्या दोन काठ्यांचा काटकोन बांधून घेतला होता, उभी एक मीटर आणि आडवी दीड. तो कडेला लावून बघायचो. ऑपरेटर सुरुवातीला हसला, मग स्वतःच खाली उतरून लावून बघायला लागला.

मातीचंही सांगतो, कारण हे कोणत्याच माहितीपत्रकात मला सापडलं नाही. वरची फूटभर माती आधी वेगळी काढायला लावा आणि ती वावरात पसरा. खालची पिवळट, क्षारवाली माती पसरू नका, ती बांधालाच लावा. एका पाहुण्याच्या वावरात सगळी माती सरसकट पांगवली होती, तिथे आजही सोयाबीन टक्कल पडल्यासारखं उगवतं. पाणी आत येतं तिथे दगड बसवून अलीकडे गाळासाठी छोटा खड्डा केला, सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, आवकेच्या तोंडापेक्षा खाली ठेवला. बांधावर झाडं लावायची असतात. आमच्या मातीत करंज आणि कडुलिंब तगतात. बांध धरून तळ्यानं पंधरा-सोळा गुंठे जागा खाल्ली.

मग मोजमाप. तळं कोरडं असतानाच ते व्हायला हवं. मे संपत आला होता, खोदाई झाली होती आणि सहायकांची दुसऱ्या गावात मोजणी चालू होती. दुपारी ढग जमायचे, रात्री गडगडायचं. मी फोन केला की ते म्हणायचे, "पाणी भरलं तर खोली कशी मोजू मी? दोन दिवस धरा." पाऊस धरून ठेवायची सोय असती तर तळं कशाला खोदलं असतं! शेवटी ते सकाळी लवकर आले. टेप घेऊन एक माणूस तळाशी उतरला. वरची लांबी-रुंदी, तळाची लांबी-रुंदी, खोली वेगवेगळ्या ठिकाणी मोजली, फोटो काढले, मी टेपचं एक टोक धरलं. त्या आठवड्यातच पाऊस आला आणि गुडघाभर गढूळ पाणी साचलं.

आता पैशाचं. अनुदान काम झाल्यावर मिळतं. खोदाई, डिझेल, दगड आणि पाइप मिळून खर्च लाखाच्या वर गेला, तो आधी माझ्या खिशातून. खिसा म्हणजे पडून असलेलं सोयाबीन, जे मला भाव वाढेपर्यंत ठेवायचं होतं, आणि पेरणीसाठी घेतलेल्या पीककर्जातला एक हिस्सा. बियाणं त्या वर्षी उधारीवर आणलं. दिवाळी झाली तरी पैसे दिसेनात. पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं लिहिलेलं, पासबुकात काही नाही. शेवटी बँकेतल्या मॅडमनी उलगडा केला: अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, अर्जासोबत कोणतं पासबुक दिलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. माझं आधार गॅसच्या सबसिडीसाठी काढलेल्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं. पैसे तिथे येऊन निवांत पडले होते, मर्यादेच्या जरा खाली. अर्ज करायच्या आधी आपलं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते विचारून घ्या.

योजना चांगली आहे, मी तिचा फायदा घेतला, तक्रार करायला मला तोंड नाही. तरी एक गोष्ट खटकते. लाखभर रुपये आधी लावू शकतो त्यालाच यातले ७५,००० मिळतात. ज्याच्याकडे दीड-दोन एकर आहे त्यानं पंधरा गुंठे पाण्याला द्यायचे, वर सावकाराचं व्याज भरत अनुदानाची वाट पाहायची, हे जमणारं गणित नाही. आमच्या गावात तळी झाली ती बहुतेक पाच एकरांच्या वरच्यांची. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं टप्प्यानं मिळतं. शेततळ्यातही निम्मी खोदाई मोजून निम्मे पैसे दिले तर मशीनवाल्याचे पैसे देता येतील आणि लहान शेतकरी पुढे येईल. मोजायला माणसं पुरत नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे. एका सहायकाकडे किती गावं असतात ते मी पाहिलंय.

पाण्याचा हिशेब असा. एका एकराला तुषारनं पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं. उन्हानं आणि वाऱ्यानं बरंच उडून जातं, तळाचं गढूळ उपसता येत नाही. तरी पहिल्या वर्षी चार एकर हरभऱ्याला फुलोऱ्यानंतर एक पाणी दिलं आणि काकाजींच्या एक एकरालाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप मात्र आता पाणी प्यायला रोज संध्याकाळी तळ्यावर येतो आणि जाताना हरभरा खातो, त्यामुळे जागलीला जावं लागतं. लहान पोरं उतरू नयेत म्हणून काटेरी तारेचं कुंपण केलं. चिकण मातीच्या कडेवर पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, तेव्हा त्यात कंजुषी नको. एक दोर खुंटीला बांधून कायम आत सोडलेला आहे.

२०२५ पासून पद्धत बदलली आहे. सोडत बंद होऊन आधी अर्ज करेल त्याला आधी, असा नियम आला आणि शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला. तो काढताना सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव समोरासमोर येतं, म्हणजे माझ्या 'राव'सारखी भानगड तिथेच उघडी पडते. ती आधी पटवाऱ्याकडून दुरुस्त करून घ्या आणि सेतू केंद्रात स्कॅन झालेली फाइल चढवण्याआधी स्वतः उघडून बघा, शिक्का वाचता येतो का ते.