मेडिकलमध्ये पहिल्यांदा गेले, ते केसपेपर काढून

डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा 2024 मध्ये दिली, 720 पैकी 561 गुण मिळाले. त्या वर्षी कटऑफ असा काही चढला की 561 ला कोणी विचारेना. जूनमध्येच रिपीटर बॅचला नाव घातलं. पहाटे पाचला उठायचं, आठ ते दोन क्लास, मग नागपुरातल्या नंदनवनमधल्या लायब्ररीत रात्री दहापर्यंत बसायचं. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही हां. महिन्याचे पैसे भरून खुर्ची, प्लग पॉइंट आणि एसी मिळतो ती.

ऑगस्टमध्ये माझीच गाडी बंद पडली. रडारड वगैरे काही झाली नाही. बायोलॉजीतल्या ‘ह्यूमन हेल्थ अँड डिसीज’ या धड्याचं एकच पान मी पाऊण तास वाचत होते आणि पान उलटलं तेव्हा त्यातलं एक अक्षरही आठवेना. मग तेच पान पुन्हा. जिना चढताना धाप लागायची, दुपारी डोकं जड व्हायचं. आई म्हणाली, “काहून अशी करून राहिली? जेवत तर नाहीस धड.” मी म्हटलं, आळस आहे, जाईल. आणि आळस घालवायला उठायची वेळ पाचवरून साडेचार केली. त्या काळातला माझा हा सगळ्यात मूर्ख निर्णय.

तेव्हाच्या एका मॉक टेस्टचा कागद अजून आहे माझ्याकडे. 172 प्रश्न सोडवले, 131 बरोबर, 41 चूक. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. म्हणजे 524 वजा 41, हातात 483. मूळ परीक्षेपेक्षा 78 गुण कमी, तेही आणखी तीन महिने घासून! क्लासमध्ये सल्ला मिळाला, ‘तास वाढवा’. कुठून वाढवू? रात्रीचेच उरले होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, 3 सप्टेंबरला, आत्यानं जबरदस्तीनं इतवारीत बोलावलं. मारबत बघायला. ज्यांनी बघितली नाही त्यांना काय सांगू, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि सगळी गर्दी ओरडत असते, ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ माझा आतेभाऊ कानाशी येऊन ओरडला, “निगेटिव्ह मार्किंग घेऊन जा गे मारबत!” मी हसले. मग लक्षात आलं की हसून बरेच दिवस झाले होते. पण दोन गल्ल्या चालले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एका दुकानाच्या पायरीवर बसवलं मला. आत्या तिथंच म्हणाली, “बापा, हिला डॉक्टरला दाखवा आधी. अभ्यास गेला चुलीत.”

बाबांनी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. ज्या कॉलेजात शिकायची स्वप्नं बघत होते, तिथं पहिल्यांदा गेले ती केसपेपरच्या रांगेत उभी राहायला. मानसोपचारच्या ओपीडीत जायची लाज वाटत होती, ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं म्हणून. भेटलं नाही कोणी. डॉक्टर मॅडमनी झोप, जेवण, पाळी, सगळं विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. मी नाही म्हटलं आणि ते खरं होतं. तरी त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला, रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर. मी म्हटलं, मॅडम, मला बर्नआउट झालाय. त्या म्हणाल्या, “बेटा, तो शब्द मुळात नोकरीतल्या ताणासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही. थकवा खरा आहे तुझा, पण आधी रक्त बघू.”

हिमोग्लोबिन 9.1 आलं. बायकांमध्ये ते किमान 12 हवं.

रक्त ऑक्सिजन कसा धरतं आणि सोडतं ते दाखवणारा आलेख, ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह, मला झोपेतही काढता येतो. एका हिमोग्लोबिनला ऑक्सिजनचे चार रेणू चिकटतात, कर्व्ह उजवीकडे कशानं सरकतो, सगळं पाठ. आणि माझ्याच रक्तात ते किती आहे, हे मला माहीत नव्हतं. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी समोसा, रात्री थंड झालेला डबा, आणि जागं राहायला दिवसाला पाच चहा. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, हे तर मीच कोणालाही सांगितलं असतं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या लिंबू सरबताबरोबर घ्यायच्या, चहा दोन तास लांब. गोळ्यांनी पोट बिघडतं, शौच काळी होते, ते कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. झोप सात तास, त्यात तडजोड नाही. रविवारी दुपारनंतर पुस्तक बंद. पहिल्या रविवारी फुटाळा तलावावर जाऊन बसले आणि पूर्ण वेळ अपराधी वाटत राहिलं. दुसऱ्या रविवारी थोडं कमी.

मॅडमनी आणखी एक काम दिलं, चुका मोजायचं. 41 पैकी 23 चुका बायोलॉजीत निघाल्या, म्हणजे मला येणाऱ्या विषयात. फिजिक्सची भीती म्हणून मी ते आधी घ्यायचे आणि बायोलॉजीला शिणलेलं डोकं उरायचं. क्रम उलटा केला. न येणारे प्रश्न सोडून द्यायला शिकले. हे मात्र फार जड गेलं, उत्तरपत्रिकेवरचा रिकामा गोल बघवत नाही. डिसेंबरच्या मॉकमध्ये 158 सोडवले, 139 बरोबर, 19 चूक. 537. कमी प्रश्नांत 54 गुण जास्त.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जानेवारीत नीटचा पॅटर्न बदलला, पर्यायी प्रश्न गेले, वीस मिनिटंही गेली, आणि माझा आठवडा पुन्हा वाया गेला. पण तेव्हा मी उठायची वेळ साडेचार केली नाही.

4 मे 2025, नीटचा दिवस. नागपूरचं ऊन. आईनं लू लागू नये म्हणून खिशात कांदा दिलेला, तो गेटवर काढून बाबांच्या हातात द्यावा लागला. फिजिक्स भयंकर होतं. सतरा प्रश्न कोरे ठेवले. पाचला बाहेर आले तर बाबा कांदा हातात घेऊन तसेच उभे. पेपरबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. घरी येऊन उत्तरं न जुळवता झोपले, ती दुसऱ्या दिवशी दहाला उठले.