दोन्ही खुब्यांत धातू असलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन: माझा अनुभव

दोन्ही खुब्यांचे सांधे बदललेल्या रुग्णाच्या ओटीपोटाचा सीटी स्कॅन करायचा असला की अडचण कुठे येणार हे आधीच ठाऊक असते. धातूच्या दोन गोलकांच्या मधोमध एक काळा पट्टा आडवा पसरतो आणि मूत्राशय नेमके त्याच्याखाली झाकले जाते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील रुग्णालयात मी सीटी टेक्नॉलॉजिस्ट आहे. लघवीतून रक्त जात असलेल्या एका आजींना आमच्याकडे पाठवले होते आणि मूत्राशयाच्या भिंतीवर गाठ आहे का, एवढाच डॉक्टरांचा प्रश्न होता.

त्यांच्या मुलाला मी शस्त्रक्रियेची जुनी फाइल आणायला सांगितली होती. तिच्यातल्या इम्प्लांटच्या स्टिकरांवरून कळले की हाडात बसवलेली दांडी टायटॅनियमची असली तरी गोलक कोबाल्ट-क्रोमचा आहे. टायटॅनियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, तर कोबाल्ट-क्रोमची ८ च्या वर असते, त्यामुळे खरा त्रास गोलकांचाच होणार होता. कमी ऊर्जेचे किरण धातूत आधी शोषले जातात आणि दोन्ही गोलकांतून आडवे जाणारे किरण तर डिटेक्टरपर्यंत फारच थोडे पोहोचतात. काळा पट्टा येतो तो या दोन्ही कारणांनी.

मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्तचाचणी पाहून शिरेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत चमकणारा आयोडीनयुक्त द्रव) दिला आणि दोन ऊर्जांवर स्कॅन घेतला. अशा स्कॅनमधून जणू एकाच ऊर्जेच्या किरणांनी घेतलेली, १३० केईव्हीच्या (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचे एकक) आसपासची आभासी प्रतिमा काढली की पट्टा बराच फिका होतो, हे खरे. पण त्याच ऊर्जेला आयोडीनची चमकही जवळजवळ मावळते, आणि गाठ शोधायची ती त्या चमकेवरच. म्हणून मूत्राशयासाठी मी ७० केईव्हीवर राहून धातू-दुरुस्तीचा अल्गोरिदम लावला आणि कर्नल, म्हणजे प्रतिमा किती तीक्ष्ण करायची हे ठरवणारा फिल्टर, मऊ ठेवला. हा अल्गोरिदम कच्च्या डेटातील धातूने बिघडलेला भाग वगळून तिथे शेजारच्या मोजमापांवरून अंदाजे आकडे भरतो. पट्टा विरळ झाला आणि मूत्राशयाची डावी भिंत, जी आधी अजिबात दिसत नव्हती, सलग दिसू लागली. त्या क्षणी मला फार समाधान वाटले.

त्याच दुरुस्त प्रतिमेत मात्र उजव्या खुब्यात गोलक ज्यात बसतो त्या कृत्रिम वाटीच्या कडेला हाड आणि धातू यांच्यामध्ये एक बारीक काळी फट दिसत होती. सांधा सैल झाला की अशीच फट दिसते. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम लगेच म्हणाल्या, "अगं, मूळ सीरिज लाव बरं." मूळ प्रतिमा आणि १३० केईव्हीची प्रतिमा आम्ही रुंद विंडोवर (हाड आणि धातू वेगळे दिसावेत म्हणून करड्या छटांचा पल्ला वाढवून) शेजारी शेजारी लावल्या; दोन्हींत हाड वाटीला थेट टेकलेले होते. फट अंदाजाने भरलेल्या आकड्यांतून आली होती. धातूच्या अगदी लगत अल्गोरिदमवर विसंबता येत नाही, हे वाचून माहीत असले तरी पडद्यावर इतके स्पष्ट मी तेव्हाच पाहिले.

अशा रुग्णांच्या दुरुस्त आणि मूळ अशा दोन्ही सीरिज मी नाव घालून पाठवतेच. शिवाय विनंतीपत्रावर नुसते 'पेल्व्हिस सीटी' असेल, तर रुग्णाला टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारते की पाहायचे आहे ते मूत्राशय की सांधा, कारण कॉन्ट्रास्ट द्यायचा की नाही, हे त्या उत्तरावर ठरते.