फोर्लान: बॉक्सबाहेरून गोल करणारा

उरुग्वेचा स्ट्रायकर डिएगो फोर्लान म्हटलं की अजूनही काहींना मँचेस्टर युनायटेडमधला पहिला गोल आणि त्याआधीचे आठ महिने आठवतात. २००२ च्या जानेवारीत तो अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटे क्लबहून आला आणि खातं उघडलं सप्टेंबरमध्ये, तेही पेनल्टीवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध दोन गोल मारले, पण गोल न करणारा स्ट्रायकर हा शिक्का बसायचा तो बसलाच. तिथून निघण्याचं निमित्त तर बुटांचे स्टड! ओल्या मैदानावर लांब स्टड घाल, असा मॅनेजर फर्ग्युसन यांचा आग्रह होता. याने आखूड घातले आणि चेल्सीविरुद्ध नेमका गोलसमोर घसरला. किस्सा त्यानेच सांगितलाय.

स्पेनमध्ये गेल्यावर मात्र चित्रच पालटलं. २००४-०५ मध्ये व्हिलारेआलसाठी लीगमध्ये २५ गोल, २००८-०९ मध्ये अ‍ॅटलेटिकोसाठी ३२. दोन्ही वेळा पिचिची (स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान) आणि युरोपियन गोल्डन शू (युरोपभरच्या लीगमधल्या सर्वोत्तम गोलस्कोअररचा). पहिला गोल्डन शू थिएरी ऑन्रीसोबत विभागून. २०१० ची युरोपा लीग फायनल फुलहॅमविरुद्ध २-१ जिंकली, दोन्ही गोल त्याचेच, दुसरा ११६ व्या मिनिटाला.

माझ्या मते त्याचं खरं भांडवल म्हणजे दोन्ही पाय. उजवा बंद केला की तो डाव्याने तितक्याच जोरात मारायचा, त्यामुळे डिफेंडरने कोणती बाजू अडवायची हा प्रश्नच सुटत नसे. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सशी ०-० झाल्यावर उरुग्वेचे प्रशिक्षक तबारेझ यांनी त्याला सुआरेझ-कवानी या दोन स्ट्रायकरच्या मागे खेळवलं. नेहमीचा नंबर नऊ, म्हणजे गोलजवळच थांबणारा स्ट्रायकर, तिथे हरवला असता. याला उलट समोर मोकळी जागा मिळाली आणि २५-३० मीटरवरून मारायची सवय कामी आली.

त्यात त्या वर्ल्ड कपचा जाबुलानी बॉल. पॅनल फक्त आठ, शिवणी कमी, पृष्ठभाग गुळगुळीत. फिरकी न देता वेगात मारला की शिवणींभोवतीची हवा एकसारखी वाहत नाही आणि बॉल अधांतरी डोलतो. बऱ्याच जणांचे फटके त्यामुळे बारवरून गेले. घानाविरुद्धची फोर्लानची फ्री किक बघा: डाव्या बाजूने, उजव्या पायाने. बॉलने हवेत दिशा बदलली आणि घानाचा गोलकीपर किंग्सन चुकीच्या बाजूला झुकलेला. नेदरलँड्सविरुद्धचा गोल लांबून, डाव्या पायाने, जर्मनीविरुद्धचा व्हॉली. त्याच मॅचच्या शेवटच्या क्षणी फ्री किक क्रॉसबारवर आदळली, नाहीतर ३-३ झालं असतं. एकूण पाच गोल आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल, तोही चौथ्या आलेल्या संघातल्या खेळाडूला.

पुढे इंटर मिलानमध्ये जमलं नाही. २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅट्ट्रिक केली, वय ३७. सेमीफायनलमध्ये मात्र कोलकात्याविरुद्ध रेड कार्ड घेऊन बसला, आणि मुंबई तिथेच अडकली.

राष्ट्रीय संघाचा हिशोब ११२ सामने, ३६ गोल. वर्ल्ड कपनंतर वर्षभर उरुग्वेसाठी एकही गोल नव्हता. तो दुष्काळ संपला २०११ च्या कोपा अमेरिका फायनलमध्ये, पराग्वेविरुद्ध. तीनपैकी दोन त्याचे.